आवडीची मालकी मुलाकडेच राहू द्या : मुलांच्या आवडी आणि मन जपण्यासाठी घरात काय करावे

जून उजाडला की सोसायटीच्या फाटकावर, रिक्षाच्या पाठीवर आणि पालकांच्या व्हॉट्सॲप गटात क्लासच्या जाहिराती झळकू लागतात : अबॅकस, तबला, कराटे, रोबोटिक्स, हस्ताक्षर सुधार. पालकांचा हेतू चांगलाच असतो. आपल्या वेळी जे मिळाले नाही ते मुलाला मिळावे, एवढीच इच्छा त्यामागे असते. मात्र ‘कोणता क्लास लावावा’ हा प्रश्न सर्वांत आधी विचारला जातो, ‘याला नेमके काय आवडते’ हा त्यानंतर, आणि ‘सध्या याचे मन कसे आहे’ हा बहुधा काही बिनसल्यावरच. पाच ते पंधरा वर्षांची मुले आणि दोन-तीन खोल्यांचे, वेळेची ओढाताण असलेले घर डोळ्यांसमोर ठेवून पुढील पायऱ्या लिहिल्या आहेत. त्या सर्वांमागे आग्रह एकच आहे. आईवडिलांनी आवडीला वेळ, जागा, सामान आणि सोबत जरूर पुरवावी, पण तिचा सातबारा स्वतःच्या नावावर करून घेऊ नये.

पहिली पायरी : महिनाभर फक्त पाहावे

सुरुवातीचा महिना कोणताही बदल न करता निरीक्षणासाठी ठेवावा. एक साधी वही घ्यावी आणि आठवड्यातून दोन-तीनदा, मुले झोपल्यावर, तीत चार ओळी लिहाव्यात. मुलाला याची कल्पना देऊ नये, कारण आपल्यावर लक्ष आहे हे कळताच ते आईबाबांना आवडेल तेच करून दाखवू लागते. ‘तुला काय आवडते?’ असे थेट विचारणेही याच कारणासाठी टाळावे; लहान मुले त्याचे उत्तर समोरच्याचा चेहरा पाहून देतात.

कोणी न सांगता मूल कशाकडे वळते, कशात असताना जेवणाची हाक तीनदा मारावी लागते, कशाबद्दलचे प्रश्न संपतच नाहीत, हे टिपावे. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, बिघडले, फसले, मोडले तरी मूल पुन्हा जाऊन काय करून पाहते, हे टिपावे. जमते म्हणून केलेली गोष्ट आणि जमत नसूनही सोडवत नाही ती गोष्ट यांत फरक असतो, आणि आवड बहुधा दुसऱ्या प्रकारात सापडते.

दिवाळीच्या सुट्टीत मुले अंगणात किंवा इमारतीच्या जिन्याखाली किल्ला करतात, तेव्हा थोडा वेळ लांब उभे राहून पाहावे. माती, दगड, विटा आणि वर अंथरलेले गोणपाट सर्वांना सारखेच. पण एक मुलगा दिवसभर भुयार खणण्यात आणि सलाइनच्या जुन्या नळीतून कारंजे उडवण्यात गुंतलेला असतो. दुसऱ्याला चिखलाशी देणेघेणे नसते. मावळे कुठल्या बुरुजावर उभे करायचे आणि शत्रू कोणत्या वाटेने चढणार, याची गोष्ट त्याला रचायची असते. एखादी मुलगी तटाच्या उतारावर अळीव पेरून रोज सकाळी कोंब किती वर आले ते पाहायला धावते. आणखी एक जण वर्गणीचा हिशेब ठेवतो आणि माती कोणी आणायची, पाणी कोणी, याची वाटणी करतो. ‘आमच्याकडच्या मुलांना किल्ल्याची हौस आहे’ एवढेच वहीत लिहिले, तर या चारही आवडी हातच्या निसटतात.

म्हणून वहीत नामे कमी आणि क्रियापदे जास्त असावीत : खणतो, जुळवते, मोजतो, नकला करते, सोलून आत काय आहे ते पाहतो. गाड्यांचे वेड असलेल्या तीन मुलांपैकी एकाला एसटीच्या पाट्या वाचून मार्ग पाठ करायचे असतात, दुसऱ्याला इंजिनाचा आवाज ऐकून तोंडाने गिअर बदलायचे असतात आणि तिसऱ्याला बसचे चित्र काढून तिचा लाल रंग जुळवायचा असतो. पहिल्याला नकाशा आणि वेळापत्रक द्यावे, दुसऱ्याला ओळखीच्या गॅरेजमध्ये अर्धा तास उभे राहू द्यावे, तिसऱ्याला रंग आणून द्यावेत. तिघांनाही खेळण्यातली बसच भेट मिळते, ही आपल्याकडची रीत आहे.

दुसरी पायरी : स्वभावाशी भांडू नये

आवड कळली तरी ती कोणत्या वेगाने आणि कोणासमोर फुलेल हे स्वभावावर ठरते. अलेक्झांडर थॉमस आणि स्टेला चेस या मानसोपचारतज्ज्ञ दांपत्याने १९५६ पासून न्यूयॉर्कमध्ये शंभराहून अधिक मुलांचा तान्हेपणापासून मोठेपणापर्यंत मागोवा घेतला. त्यांच्या मांडणीनुसार सुमारे ४० टक्के मुले सहज जुळवून घेणारी, १० टक्के तीव्र प्रतिक्रिया देणारी आणि १५ टक्के हळूहळू रुळणारी होती. उरलेली कोणत्याही एका गटात बसत नव्हती. त्यांचा खरा निष्कर्ष या वर्गवारीपुढचा होता. मुलाच्या अडचणी केवळ त्याच्या स्वभावामुळे उद्भवत नव्हत्या. स्वभाव आणि भोवतालच्या माणसांच्या अपेक्षा यांचा मेळ बसत नसे, तेथे त्या वाढत होत्या.

घरात याचा अर्थ असा, की हळू रुळणाऱ्या मुलीला नाटकाच्या शिबिरात पहिल्याच दिवशी सोडून निघून येऊ नये. आदल्या दिवशी रिकामे सभागृह दाखवून आणावे, पहिले दोन-तीन दिवस तिला कडेला बसून पाहू द्यावे आणि ‘आवडले का?’ हा प्रश्न चौथ्या-पाचव्या दिवसापर्यंत विचारू नये. तीव्र स्वभावाच्या मुलाला एका कामातून दुसऱ्याकडे वळवताना दहा मिनिटे आधी सूचना द्यावी. शिवाय त्याची आदळआपट भुकेच्या आणि झोपेच्या वेळीच का होते, हे महिनाभराच्या नोंदींत बहुधा आपोआप दिसते. ‘लाजाळू आहे हो फार’ असे मुलाच्या देखत चारचौघांत सांगणे मात्र आजपासूनच बंद करावे.

तिसरी पायरी : सामान आणि पसाऱ्याला जागा

आवडीसाठी पैसा लागतो, हा समज जुना आहे आणि तो चुकीचा ठरवणारी परंपरा महाराष्ट्रातच आहे. ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये बोर्डीला ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केले आणि पुढे अनुताई वाघ यांच्यासह कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांसाठी काम केले. त्यांनी परदेशी बनावटीच्या महागड्या शैक्षणिक साधनांऐवजी शिंपले, बिया, खडे, पाने अशा परिसरातल्या वस्तू वापरल्या. मुले शाळेत येत नाहीत म्हटल्यावर शाळा त्यांच्या अंगणात आणि गुरे चरतात त्या कुरणात नेली. मूल जिथे आहे तिथे साधन न्यायचे, हे सूत्र दोन खोल्यांच्या घरालाही तंतोतंत लागू पडते.

प्रत्येक मुलासाठी झाकण असलेला एक खोका किंवा जुनी पत्र्याची ट्रंक ठेवावी. तीत पुठ्ठा, सुतळी, बटणे, रिकाम्या डब्या, कापडाचे तुकडे, डिंक आणि खरोखर कापणारी कात्री असावी. बोथट कात्रीने मुलाचा आत्मविश्वास तेवढा कापला जातो. त्याबरोबर दिवाणाखाली सरकेल असा एक मोठा ट्रे ‘अर्धवट कामासाठी’ राखून ठेवावा. मुलांच्या बहुतेक उद्योगांचा अंत आवड संपल्यामुळे होत नाही; पाहुणे येणार म्हणून किंवा केर काढायचा म्हणून अर्धे झालेले काम उचलून टाकले जाते, आणि तेथेच ते संपते. ट्रेमधली वस्तू विचारल्याशिवाय कोणीही टाकायची नाही, हा नियम आजीपासून धुण्याभांड्याच्या मावशींपर्यंत सर्वांना सांगावा. त्या बदल्यात दर रविवारी मुलाने स्वतः ट्रे आवरायचा आणि काय ठेवायचे, काय टाकायचे ते ठरवायचे.

वस्तू उघडून पाहणाऱ्या मुलांसाठी एक इशारा. रिमोट, सेलवर चालणारी खेळणी, बंद पडलेले भिंतीवरचे घड्याळ खुशाल उघडू द्यावे. जुना टीव्ही आणि मायक्रोवेव्ह मात्र प्लग काढल्यानंतरही विजेचा धक्का देऊ शकतात, त्यामुळे ते हाती देऊ नयेत. मोबाइलची बॅटरी तर मुळीच नाही.

स्वयंपाकघर ही सर्वांत स्वस्त प्रयोगशाळा आहे आणि मुलग्यांसाठी ती अजूनही अर्धी बंद असते. कणकेचा गोळा देऊन ‘खेळ’ म्हणण्यापेक्षा घरच्या जेवणातल्या दोन पोळ्या खरोखर लाटायला द्याव्यात आणि नकाशासारखी झालेली पोळी न हसता कोणीतरी ताटात घ्यावी. थालीपिठाच्या भाजणीत काय काय पडते, दही रात्रीतून कसे लागते, फोडणीत मोहरी का तडतडते, या प्रश्नांतून एखाद्याची रसायनाची आवड आणि एखाद्याची चवीची आवड वेगवेगळी दिसू लागते.

घराबाहेरची ठिकाणे निवडताना गर्दीच्या सहलीपेक्षा परत परत जाता येईल अशी जागा बरी. पुण्यात आयुका या खगोलविज्ञान संस्थेच्या आवारातली मुक्तांगण विज्ञान शोधिका, मुंबईत वरळीचे नेहरू विज्ञान केंद्र, आणि जवळपास कोणत्याही तालुक्याच्या गावी असलेले सार्वजनिक वाचनालय. खेड्यातल्या मुलाला ओढा, गोठा आणि आठवडे बाजार आहेच. शहरातल्या पालकांनी त्याचा हेवा करावा.

महाग वस्तूंबाबत तीन महिन्यांचा नियम पाळावा. कीबोर्ड, दुर्बीण, स्केटिंगचे बूट मागितल्या आठवड्यात घेऊ नयेत. आधी उसने आणावे, भाड्याने मिळते का पाहावे. हौसेने आणलेली वस्तू पडून राहिली की तिचा राग मुलावर निघतो, आणि पुढची आवड सांगायला मूल कचरते.

चौथी पायरी : वेळापत्रकातून वजाबाकी

एका कागदावर आठवड्याचे सात दिवस आखून शाळा, शाळेचा प्रवास, गृहपाठ, शिकवणी, क्लास, जेवण आणि झोप यांचे तास रंगवावेत. झोपेत काटछाट करू नये. अमेरिकन ॲकॅडमी ऑफ स्लीप मेडिसिन या संस्थेच्या २०१६ च्या शिफारशीनुसार ६ ते १२ वर्षांच्या मुलांना दिवसाच्या २४ तासांत ९ ते १२ तास आणि १३ ते १८ वर्षांच्या मुलांना ८ ते १० तास झोप हवी. महाराष्ट्र शासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी ९ च्या आधी न भरवण्याचा निर्णय घेतला, त्यामागेही मुलांची अपुरी झोप हे एक कारण होते. त्याखेरीज ५ ते १७ वर्षांच्या मुलांसाठी दिवसाला सरासरी ६० मिनिटांची चांगली दमछाक करणारी हालचाल जागतिक आरोग्य संघटनेने सुचवली आहे. लगोरी, लंगडी, सायकल, काहीही चालेल.

हे सर्व वजा केल्यावर कागदावर जी पांढरी जागा उरते ती आवडीची. कामाच्या दिवशी ती सलग तासभर आणि शनिवार-रविवारी मिळून अर्धा दिवस तरी नसेल, तर नवे काही सुरू करण्याऐवजी एक क्लास कमी करावा, असे माझे स्पष्ट मत आहे. संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क संहितेतील ३१ वे कलम विश्रांती, फुरसत आणि खेळ हा मुलांचा हक्क मानते आणि भारताने ही संहिता १९९२ मध्ये स्वीकारली आहे. फुरसत हा तेव्हा पालकांनी खूश होऊन द्यायचा लाड राहत नाही.

फुरसतीत मूल ‘कंटाळा आला’ म्हणत मागे लागते. लगेच काही सुचवू नये आणि मोबाइलही पुढे करू नये. ‘हो, येतो कधीकधी’ एवढे म्हणून आपले काम चालू ठेवावे. पहिले काही दिवस कटकट होते. त्यानंतर बहुतेक मुले त्या खोक्याकडे वळतात.

मोबाइलबाबत एकच कसोटी पुरेशी आहे : पाहिलेले हातात उतरते का? ओरिगामीचा व्हिडिओ पाहून मूल कागद घेऊन बसले, तर तो वेळ आवडीच्या खात्यात जातो. व्हिडिओमागून व्हिडिओच चालू राहिले, तर नाही. रात्री सर्वांचे फोन एका ठिकाणी, झोपण्याच्या खोलीबाहेर, हा नियम करायचा असेल तर त्यात बाबांचाही फोन असला पाहिजे.

पाचवी पायरी : क्लास केव्हा, किती आणि केव्हा बंद

मूल दोन-तीन महिने स्वतःहून एखाद्या गोष्टीकडे परतत असेल आणि घरातल्या कोणाला पुढचे शिकवता येत नसेल, तेव्हाच क्लासचा विचार करावा. नाव घालण्यापूर्वी एक तासिका मागे बसून पाहण्याची परवानगी मागावी. भिंतीवरच्या प्रमाणपत्रांपेक्षा दोन गोष्टींकडे लक्ष द्यावे : मूल चुकले की शिक्षक काय बोलतात, आणि सर्वांत मागचे मूल तासाभरात एकदा तरी त्यांच्या नजरेस पडते का. बसून पाहू द्यायला जे सरळ नकार देतात, त्यांना आपणही नम्रपणे नकार द्यावा.

मुलाशी आधीच एका सत्राचा करार करावा. दिवाळीपर्यंत नियमित जायचे, मग सर्वांनी मिळून ठरवायचे. त्या मुदतीत ‘एवढी फी भरली आहे’ हे वाक्य घरात उच्चारू नये. मध्येच मूल ‘नको’ म्हणाले, तर नेमके काय नको ते शोधावे. मित्र सोडून गेला असेल, रियाजाचा कंटाळवाणा टप्पा आला असेल, बोटे दुखत असतील, बॅच बदलली असेल. यांतल्या बहुतेक कारणांवर उपाय असतो. सोडायचेच ठरले, तर चांगल्या झालेल्या तासानंतर सोडावे; फजितीच्या दिवशी सोडलेली गोष्ट मनात अपयश म्हणून राहते. मात्र मूल एखाद्या मोठ्या माणसाला घाबरत असेल, त्याच्याबरोबर एकटे राहायला टाळत असेल किंवा नको असलेल्या स्पर्शाबद्दल काही सुचवत असेल, तर करार वगैरे बाजूला ठेवून त्याच दिवशी जाणे थांबवावे, त्याचे म्हणणे खरे मानून शांतपणे ऐकावे आणि गप्प बसू नये.

परीक्षांविषयी जरा सविस्तर बोलले पाहिजे, कारण मराठी घरांत आवडीचे रूपांतर गुणपत्रिकेत फार लवकर होते. चित्रे काढणाऱ्या मुलासाठी शासकीय रेखाकला परीक्षांची एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट ही वाट आहे. गाणाऱ्या-वाजवणाऱ्या मुलासाठी अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा ते विशारद अशा पायऱ्या आहेत. विज्ञानाची गोडी असणाऱ्यांसाठी सहावी आणि नववीत डॉ. होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धा आहे. या परीक्षा वाईट नाहीत; ज्या मुलाला पुढचा टप्पा दिसल्याशिवाय हुरूप येत नाही, त्याला त्या आधार देतात. परंतु स्थिरचित्राचा माठ आणि स्मरणचित्रातला भाजीबाजार यांपलीकडे जे मूल वर्षभर काहीच काढत नाही, त्याची चित्रकला सुरू आहे की संपली आहे, हे पालकांनी स्वतःला विचारावे.

बक्षिसाचा परिणाम किती उलटा होऊ शकतो, याचा एक जुना प्रयोग आहे. मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट यांनी १९७३ मध्ये तो प्रसिद्ध केला. चित्रे काढायला मुळातच आवडणाऱ्या बालवाडीतल्या मुलांपैकी काहींना, चित्र काढले तर प्रमाणपत्र मिळेल, असे आधी सांगितले. काहींना न सांगता नंतर ते दिले. काहींना काहीच दिले नाही. एक-दोन आठवड्यांनी वर्गात रंगीत पेन पुन्हा मोकळे ठेवले, तेव्हा आधी आमिष दाखवलेली मुले इतरांच्या जवळपास निम्माच वेळ चित्रांत रमली. अचानक मिळालेल्या बक्षिसाने असे नुकसान झाले नाही. तेव्हा ‘परीक्षेत ए श्रेणी मिळाली तर सायकल’ असे सौदे करू नयेत. चित्र पूर्ण झाल्यावर न ठरवता मिसळ खायला जायला हरकत नाही.

सहावी पायरी : भावनेला आधी ऐकून घ्यावे

आवड जपणारे घर आणि मन जपणारे घर वेगळे असत नाही. रडू, राग किंवा भीती दाखवल्यावर जिथे हसे होते, तिथे मूल आपली कविताही दाखवत नाही.

एक नेहमीचा प्रसंग घेऊ. तिसरीतला मुलगा दप्तर भिरकावतो आणि म्हणतो, “मी उद्यापासून शाळेत जाणार नाही.” घरातून साधारण तीन उत्तरे येतात : “दप्तर नीट ठेव आधी”, “मुलगा असून रडतोस?” आणि “थांब, उद्या बाईंनाच येऊन विचारते.” पहिल्यात शिस्त आहे, दुसऱ्यात लाज आहे, तिसऱ्यात प्रेम आहे, पण काय झाले हे तिघांनाही कळलेले नाही.

त्याऐवजी पाणी द्यावे, शेजारी बसावे आणि अंदाजाने म्हणावे, “आज काहीतरी बिनसलेलं दिसतंय.” मग थांबावे. ही शांतता मोठ्यांना जड जाते, म्हणून ती मनात वीसपर्यंत मोजून पाळावी. मूल म्हणेल, “सगळे हसले.” यावर उपदेश न करता, “हसले म्हणून ओशाळल्यासारखं झालं का तुला?” असे विचारावे. अंदाज चुकला तर मूल स्वतःच दुरुस्त करते : “नाही, राग आला. पाढा मला येत होता.” पाढा येत असताना हसे झाले, हे कळण्यासाठी एवढा वेळ द्यावा लागतो. शेवटी एक प्रश्न जरूर विचारावा : “मी नुसतं ऐकू, की काही करायला हवं आहे?” बहुतेकदा ऐकणेच हवे असते, आणि बाईंकडे जायचे की नाही हे त्याच्याशी बोलून ठरते.

मुलाकडे शब्द असावेत म्हणून मोठ्यांनी ते स्वतःबद्दल वापरावेत. “गाडी चुकली म्हणून चिडचिड झाली”, “मावशी आली नाही, हिरमोड झाला”, “उद्याच्या बैठकीची धास्ती वाटते आहे.” हेवा, लाज, हुरहुर, एकटेपणा हे सर्व ‘राग’ या एकाच खात्यात जमा होत राहिले, तर उपायही एकच सापडतो : ओरडणे. भावनेला नाव दिले की मेंदूतल्या भीतीशी निगडित भागाची प्रतिक्रिया सौम्य होते, असे मॅथ्यू लीबरमन आणि सहकाऱ्यांना २००७ च्या प्रयोगात प्रौढांमध्ये दिसले होते.

भावना मान्य करणे म्हणजे वागणे मान्य करणे नव्हे. “राग येऊ दे, पण बहिणीला मारायचं नाही, उशीवर मार, गच्चीत धावून ये” हे दोन्ही एकाच वाक्यात सांगता येते. ऐन भडक्यात मात्र समजावू नये, कारण तेव्हा कोणाच्याच कानात काही शिरत नाही.

रोज प्रत्येक मुलासाठी पंधरा मिनिटे स्वतंत्र काढावीत, आणि त्यांत अभ्यासाचा विषय वर्ज्य असावा. समोरासमोर बसवून बोलते करण्यापेक्षा मटार सोलताना, दूध आणायला जाताना किंवा स्कूटरवर मागे बसलेले असताना मुले अधिक बोलतात. नजरेला नजर नसली की अवघड गोष्ट सोपी होते. दिवसभराच्या थकव्याने आपणच मुलावर खेकसलो, तर शांत झाल्यावर जाऊन “माझं चुकलं, मी ओरडायला नको होतं” असे म्हणावे. त्यापुढे ‘पण तूसुद्धा’ जोडू नये.

सातवी पायरी : कौतुक, तुलना आणि पाहुणे

क्लॉडिया म्यूलर आणि कॅरोल ड्वेक यांनी १९९८ मध्ये पाचवीच्या वयाच्या मुलांवर केलेल्या प्रयोगांत, ‘हुशार आहेस’ असे कौतुक झालेल्या मुलांनी पुढे सोपी कामे निवडण्याकडे कल दाखवला आणि अपयशानंतर त्यांची कामगिरी घसरली; ‘मेहनत घेतलीस’ असे ऐकलेली मुले अवघड कामाला अधिक सहज भिडली. घरात याहून साधी रीत पाळता येईल : कौतुक करण्याऐवजी विचारावे. “या झाडाला जांभळा रंग का दिलास?” या प्रश्नात ‘वा, किती छान!’पेक्षा जास्त आदर आहे, कारण तो विचारण्यासाठी चित्र खरोखर पाहावे लागते.

भावंडांना वाटून दिलेले शिक्के, म्हणजे ही चित्रकार, तो गणिती, हे कौतुकाच्या वेशातले कुंपण असते. ताईचे गणित चांगले म्हणून धाकट्याने गणिताकडे फिरकायचेच नाही, असे ते ठरवून टाकते.

आणि पाहुणे. “म्हण गं ते गाणं मामांसमोर!” हा आपल्या दिवाणखान्यातला जुना प्रसंग आहे. पाहुणे येण्यापूर्वी मुलीला एकटीला विचारावे आणि ती ‘नको’ म्हणाली, तर पाहुण्यांसमोर आपण तिची बाजू घ्यावी : “आज तिचा मूड नाही, तुम्ही चहा घ्या.” आजी-आजोबांना यात नातवंडांचे कौतुक मिरवायचे असते, दुष्टपणा नसतो; त्यांना बाजूला घेऊन सांगावे आणि त्याऐवजी त्यांच्याकडचे काहीतरी नातीला शिकवायला सुचवावे, मग ती गोधडी असो, पेटीवरचे भजन असो वा बुद्धिबळातला वजिराचा डाव. मुलाचे चित्र किंवा व्हिडिओ स्टेटसला ठेवण्यापूर्वीही त्याची परवानगी घ्यावी. सहा वर्षांच्या मुलालाही हो किंवा नाही म्हणता येते.

आठवी पायरी : नववी-दहावीत सर्व बंद करू नये

आठवी संपली की तबला माळ्यावर जातो. दहावीच्या वर्षी वेळ कमी होणारच. तो किती कमी करायचा हे मुलाबरोबर बसून ठरवावे आणि रोज अर्धा-पाऊण तास तरी शिल्लक ठेवावा. ताणाच्या वर्षात मनाला विसावा देणारी सवय काढून घेतली, तर तो वेळ अभ्यासाकडे जाण्याऐवजी मोबाइलकडे जाण्याची शक्यता जास्त. परीक्षेच्या आधीचा महिना आवड बाजूला ठेवायची असेल, तर तो निर्णय मुलाचा असावा. इंटरमिजिएटच्या श्रेणीचे वाढीव गुण दहावीला मिळतात म्हणून पेन्सिलला हातही न लावणाऱ्या मुलाला त्या परीक्षेस बसवणे मात्र आवड आणि अभ्यास या दोन्हींचे नुकसान करते.

नववी पायरी : घरचे उपाय अपुरे पडतात तेव्हा

मूल दोन आठवड्यांहून अधिक काळ उदास किंवा सतत चिडलेले असेल, आवडीच्या गोष्टींतूनच मन उडाले असेल, झोप आणि भूक बदलली असेल, शाळेच्या वेळीच पोट दुखत असेल आणि तपासणीत काही निघत नसेल, तर ‘वयच तसे आहे’ म्हणून थांबू नये. सुरुवात ओळखीच्या बालरोगतज्ज्ञांपासून करावी. ते पुढे समुपदेशक किंवा मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवतील. केंद्र सरकारची ‘टेलिमानस’ ही मानसिक आरोग्यासाठीची दूरध्वनी सेवा ऑक्टोबर २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास, विनामूल्य आणि मराठीतही उपलब्ध आहे. मुलाच्या सुरक्षिततेचा प्रश्न असेल, तर १०९८ हा बालकांसाठीचा क्रमांक आहे. मूल जगणे नकोसे झाल्याचे बोलले किंवा स्वतःला इजा केल्याचे दिसले, तर ते लक्ष वेधण्यासाठी आहे असे समजू नये, त्याला एकटे सोडू नये आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यावे.

मुलाला तिकडे नेताना ‘फिरायला जाऊ’ असे खोटे सांगू नये. “तुला हल्ली झोप लागत नाही आणि त्रास होतो आहे, अशा त्रासात मदत करणाऱ्या ताईंकडे आपण जाणार आहोत, तिथे इंजेक्शन नसते” इतके लहान मुलाला पुरते. मोठ्या मुलाला जाण्याची वेळ आणि शक्य असल्यास समुपदेशकही निवडू द्यावा. भेटीनंतर “काय विचारलं? तू काय सांगितलंस?” अशी उलटतपासणी घेऊ नये, ज्या गोष्टी पालकांना कळणे आवश्यक आहे, त्या समुपदेशक स्वतः सांगतात. उपचार चालू असताना चित्रे, गोट्या, पेटी, किल्ल्याची माती, जे काही असेल ते घरात हाताशी ठेवावे, पण ‘पूर्वीसारखं काढ ना काहीतरी’ असा आग्रह धरू नये, आणि गुण घसरले म्हणून शिक्षेखातर ते काढूनही घेऊ नये.